डुक्कर फियाटवरची काजळी

"सुयश! आधी इकडं ये!"

पप्पांचा आवाज चढला की समजावं, गाडीचं काहीतरी बिनसलंय. एरवी त्या घरात आवाज चढायचा नाही. चढायला मुळात बोलणारं कुणी लागतं! सुयश दात घासता घासता तसाच अंगणात धावला.

ताडपत्रीच्या मांडवाखाली गाडी उभी होती. अठ्ठावन्न सालची फियाट. फुगीर पाठ, गुबगुबीत गाल आणि पुढे बसकं नाक. मुंबईला या गाडीला 'डुक्कर फियाट' म्हणतात, हे पप्पांनीच त्याला सांगितलं होतं, आणि सांगताना ते चक्क हसले होते. आज पहाटे उठून त्यांनी तिच्या टपावर आणि बॉनेटवर पांढराशुभ्र रंग मारला होता. हा रंग वाळायला दुपार होते. आणि आता त्या ओल्या रंगावर जिकडेतिकडे काळे ठिपके! तीळ सांडल्यासारखे!

"बंब पेटवलास ना?" पप्पा ओरडले.

"न्हाय पप्पा! तुमी नको म्हणला व्हता, म्हणून मी गार पाण्यानंच अंघोळ करणार व्हतो..."

"मग ही काजळी काय आभाळातनं पडली?"

खरं तर ती आभाळातूनच पडली होती. पण ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मागच्या गुरुवारीबी हेच झालं," पप्पा म्हणाले. "सगळा रंग घासून काढला, पुन्हा मारला. तवा म्हणलं, साखर कारखान्याची राख असंल. पण कारखान्याचा पट्टा कवाच पडला. गाळप बंद, धुराडं थंड. मग धूर कुणाचा? घरात माणसं दोन. मी रंग मारत व्हतो. ऱ्हायलं कोण?"

"पप्पा, शप्पत! मी न्हाय..."

"खोटं बोलू नको!" पप्पांनी हातातलं फडकं बादलीत आपटलं. "आजपास्नं गाडीला हात लावायचा न्हाय. आन् मलाबी आता हौस उरली न्हाय. पुढच्या गुरुवारी भंगारवाल्याला बोलवतो. घेऊन जाऊ दे एकदाची!"

आणि ते घरात निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, गेली गाडी तर गेली, त्यात एवढं काय? तर ऐका. सुयशची आई नर्स. वर्षभराच्या शिक्षणासाठी ती नागपूरला गेली होती. पप्पांना बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली, म्हणून कळसचं घर, कळसची शाळा आणि कळसचे सगळे दोस्त मागे टाकून बापलेक कन्हेरीला राहायला आले. पप्पांची कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मोटारसायकल आली की सुयश शाळेत, सुयश आला की पप्पा झोपलेले. एका घरात राहून दोघं एकमेकांना सापडायचे नाहीत. त्यात पप्पा मुळातच कमी बोलणारे. आई गेल्यापासून तर त्यांनी बोलणं पार गुंडाळूनच ठेवलं होतं.

राहिला सुट्टीचा गुरुवार. तो गाडीचा वार. इंदापूरच्या एका डॉक्टरांच्या गोडाऊनमध्ये ती पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पप्पांनी ती ट्रॅक्टरला बांधून आणली. मग दोघांनी मिळून तिचा जुना रंग खरवडला. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याच्याही खाली मूळचा पांढरा! गंज घासला, पोचे ठोकून काढले, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून बुडवून पत्रा गुळगुळीत केला. तेव्हा पप्पा म्हणायचे, "हात फिरव. काय लागतंय?" सुयश म्हणायचा, "खरखर." "मग आजून घास." एवढंच बोलणं. पण आठवड्यातलं तेवढंच बोलणं होतं ते. गाडी गेली की तेही जाणार होतं.

सुयश मागच्या पायरीवर बसून मनसोक्त रडला. बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे लपवायचंही कारण नव्हतं.

रडून झाल्यावर नाक पुसायला त्याने दोरीवरचा बनियन ओढला, आणि थांबला. बनियनवरही काळे ठिपके! त्याने एक ठिपका बोटाने चोळला. कारखान्याची राख त्याला चांगली माहीत होती. हिवाळाभर ती पडायची. फुंकर मारली की उडायची, चोळली की कोरडी भुकटी व्हायची. हा ठिपका तसा नव्हता. तो पसरला, बोटाला चिकटला, साबणाने धुतला तरी निघेना. आणि वास? रबर जळल्याचा!

"ही राख न्हाय!" सुयश मोठ्याने म्हणाला. त्याला एकट्याने मोठ्याने बोलायची सवयच लागली होती.

"कोण म्हणतंय राख न्हाय?" वरून आवाज आला.

शेजारच्या गच्चीच्या कठड्यावरून एक मुलगी डोकावत होती. दोन वेण्या, डोक्यावर ओला टॉवेल आणि हातात कावळे हाकायची काठी.

"मी माधवी. इंदापूरची," ती म्हणाली. "सुट्टीला काकांकडं आलेय. लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, मी कुरडयांची राखण करतेय! आन् हा ऋषिराज, माझा चुलतभाऊ. हा कुरडया खातोय."

"कुरडया न्हाय, चीक खातोय!" कठड्यावर दुसरं डोकं उगवलं. त्याच्या मिशीच्या जागी चीक लागला होता. "आन् तुमची ती डुकराची गाडी विकणार हाय का रं? तुझे पप्पा सकाळी जोरात बोलत व्हते म्हणून..."

"ऋष्या, गप!" माधवीने त्याला कोपर मारलं. "तू वर ये रे. तुला काहीतरी दाखवते."

जावं की न जावं? इतके महिने शेजारी राहून सुयश त्या घरात एकदाही गेला नव्हता. कुणी ये म्हटलं नव्हतं आणि तो आपणहून जाणाऱ्यातला नव्हता. पण ठिपक्यांनी त्याला बसू दिलं नाही. तो जिना चढला.

गच्चीवर बाजेवर पांढऱ्या कुरडया पसरल्या होत्या. आणि त्यांच्यावर तेच ठिपके!

"पहाटे काकीनं चीक शिजवला, उजाडायच्या आत आमी कुरडया घातल्या," माधवी म्हणाली. "थोड्या वेळानं बघते तर हे! काकी म्हणती, तू झोपलीस. डोळा लागला नव्हता गं माझा, असं घसा फोडून सांगितलं. ऐकतंय कोण!"

"माझंबी कुणी ऐकत न्हाय," सुयश म्हणाला आणि त्याला एकदम बरं वाटलं.

खालून साखरबाईकाकी ओरडल्या, "अगं, फडकं टाक त्यावर! कारखान्याची राख हाय ती!"

"काकू, कारखाना बंद हाय," सुयश म्हणाला.

"बंद असला म्हणून काय झालं? राख कारखान्याचीच असती!"

यावर काय बोलणार? त्या भागात काळं म्हणून काही दिसलं की बोट कारखान्याकडे. सदऱ्याला डाग? कारखाना. डोळ्यात कण? कारखाना. दूध करपलं तरी लोक आधी धुराड्याकडे बघायचे! वर्षानुवर्षांची सवय. आणि याच सवयीच्या आडोशाला कुणीतरी मजेत काळे धंदे करत होतं.

"धूर कुठनं येतो ते शोधलं पायजे," सुयश म्हणाला. "पण गाडीच्या रंगाला मला हात लावायचा न्हाय. दुसरं काहीतरी पांढरं न् चिकट हवं."

"बश्या!" माधवीने टाळी वाजवली. "चिनी मातीच्या पांढऱ्या बश्या, वर गोडं तेल! पहाटे ठेवायच्या, ऊन वर आलं की उचलायच्या. जिथं ठिपके जास्त, तिकडून धूर!"

"आन् काकीनं बश्या मोजल्या तर?" ऋषिराजने विचारलं.

"तर तू फोडल्यास म्हणून सांगू!"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघांनी बश्या मांडल्या. एक गच्चीवर, एक सुयशच्या मांडवाजवळ, एक शाळेच्या भिंतीवर, एक पाण्याच्या टाकीपाशी आणि एक शेताच्या वाटेवर, बाभळीच्या बुंध्याशी. ऊन वर आल्यावर उचलायला गेले. शाळेवरची बशी स्वच्छ. टाकीवरचीही तशीच, फक्त एक मुंगळा तेलात पोहून थकला होता. गच्चीवरच्या बशीत ठिपके होते, मांडवाजवळच्या बशीत आणखी. आणि बाभळीखालची बशी? ती तर कढईच्या बुडासारखी काळी!

"बाभळीच्या पुढं काय हाय?" सुयशने विचारलं.

ऋषिराजचं तोंड उतरलं. "आमचं गुऱ्हाळ."

गुऱ्हाळ त्याच्या आजोबांचं, गेणबातात्यांचं. पण तात्यांचे गुडघे धरल्यापासून त्यांनी ते सोनबा नावाच्या माणसाला चालवायला दिलं होतं. कारखाना बंद झाला की मागे राहिलेला ऊस गुऱ्हाळावर यायचा, म्हणून मे महिन्यातही चुलाण पेटतं होतं. पण गुऱ्हाळात जळण म्हणजे उसाची वाळलेली चिपाडं. त्यांचा धूर पांढरा आणि वास गोड. त्याला रबराचा वास कसा येईल?

"जाऊन बघू!" माधवी म्हणाली. "गुऱ्हाळावर आलेलं माणूस रिकामं जात न्हाय. रस तरी मिळंल!"

पण नवल असं की ते रिकामेच परत आले! अंगणात पाय टाकायच्या आत सोनबा आडवा आला. मिशा तेल लावून वळवलेल्या आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"काय पायजे? पळा हितनं! रस न्हाय, गूळ न्हाय!"

"सोनबाकाका, मी ऋषिराज! गेणबातात्यांचा..."

"कुणाचाबी अस! चुलाण पेटलंय, भाजशील! पळा!"

बाभळीपाशी आल्यावर माधवी थांबली. रागाने तिच्या वेण्यासुद्धा ताठ झाल्या होत्या.

"गुऱ्हाळावरनं पोरांना हाकललं? अरे, वाटसरू आला तरी लोक पेलाभर रस पाजतात. भिकाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. या माणसाला आपण आत नको आहोत. का नको आहोत?"

"उद्या बघू," सुयश म्हणाला. "पुढनं न्हाय. मागनं."

आता सांगायला हरकत नाही, सुयशला त्या रात्री भीती वाटली. सोनबाची नाही, पप्पांची. पप्पा रातपाळीला गेले होते. जाताना त्यांनी फक्त "कडी लाव" एवढंच म्हटलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. उद्या पकडलो गेलो तर? पप्पा म्हणणार, आधी बंब पेटवला, मग खोटं बोलला, आता लोकांच्या गुऱ्हाळात चोरून शिरला. मग आपल्याशी कोण बोलणार? भिंतीवरच्या फोटोत बाबासाहेब पुस्तक घेऊन बसले होते. तेही काही बोलत नव्हते. आई असती तर, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने उशी डोक्यावर ओढून घेतली.

पण मग भंगारवाल्याचा दिवस जवळ जवळ येत गेला. दोनदा ते तिघं मागून गेले आणि अर्ध्यातूनच पळून आले. एकदा सोनबाचा कुत्रा भुंकला आणि एकदा ऋषिराज शिंकला! बुधवार उजाडला, तेव्हा मात्र सुयश म्हणाला, "आज न्हाय तर कवाच न्हाय. उद्या गाडी जाणार."

गुऱ्हाळाच्या मागे चिपाडांची गंजी होती. लांबून बघाल तर मोठीच्या मोठी! तिघं उसाच्या सरीतून वाकून वाकून तिथपर्यंत गेले. सुयशने चिपाडांत हात घातला. हात पुढे जाईना. आत काहीतरी गोल होतं.

"टायर!" तो कुजबुजला.

चिपाडांचा फक्त वरवर एक थर होता. खाली सगळी टायरं! स्कूटरची, मोटारसायकलची, जीपची, झिजलेली, फाटलेली. पंक्चरवाल्यांनी फेकून दिलेली.

"आन् हितं बघा!" माधवीने राखेच्या ढिगातून काळ्या तारांची वेटोळी ओढून काढली. "टायर जळतं, आतली तार जळत न्हाय!"

"चिपाडं गेली कुठं मग?" ऋषिराजने विचारलं.

"वीटभट्टीला विकली असणार," सुयश म्हणाला. "टायर काय, फुकट मिळतात! पहाटे काळोखात जाळायची, धूर दिसत न्हाय. उजाडल्यावर वरनं चिपाडं. आन् काजळीचं नाव कारखान्याला!"

"ह्या जाळावरचा गूळ खातो आपण?" ऋषिराजला पहिल्यांदाच खाण्याच्या गोष्टीची शिसारी आली.

"चला, तात्यांना सांगू," माधवी म्हणाली.

"आपण सांगून यायच्या आत तो लपवंल सगळं," सुयश म्हणाला. "आपल्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? एक टायर घेऊनच जाऊ."

त्याने स्कूटरचं एक टायर उपसून काढलं. गंजी ढासळली, टायर हातातून निसटलं आणि उतारावरून गडगडत थेट पुढच्या अंगणात! आणि त्याच्यामागे, पकडायला म्हणून धावत, सुयश!

अंगणात सोनबा उभा होता. त्याच्यासमोर मोठ्या काहिलीत रस रटरटत होता आणि काहिलीशेजारी रंगूबाई बसल्या होत्या. ऊस त्यांचा होता. गूळ खाली उतरेपर्यंत नजर ठेवायला त्या उजाडल्यावर आल्या होत्या. तेवढ्यात उसाची गाडी घेऊन आणखी दोन शेतकरी आत आले. टायर बरोबर सगळ्यांच्या मधोमध जाऊन आडवं झालं.

सोनबाचा चेहरा पांढरा पडला. सुयश जागच्या जागी थांबला. संपलं, त्याला वाटलं. आता हा ओरडणार, चोर म्हणून धरणार आणि पप्पांना बोलावणार.

पण सोनबा ओरडेना. तो नुसता टायरकडे आणि शेतकऱ्यांकडे आळीपाळीने बघत होता. आणि एकदम सुयशच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, हा ओरडणार कसा? ओरडला तर टायर आपलं आहे, हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागेल!

"सोनबाकाका," सुयश म्हणाला. आवाज कापत होता, पण मोठा होता. "हे टायर तुमचं हाय का?"

"आं? न्हाय बा! माझं कशाला?"

"मग आमी खेळायला नेऊ?"

"न्या की," सोनबा दात ओठ खात म्हणाला. "न्या आन् कटा हितनं!"

"मागं आणखी हायत," ऋषिराज गंजीआडून उगवला. त्याच्या काखेत दुसरं टायर होतं. "तीबी तुमची न्हाईत?"

रंगूबाईंनी मान वळवून बघितलं. शेतकऱ्यांनी बघितलं. सोनबाने घाईघाईने हात झटकले.

"न्हाईत म्हणलं ना! कुणीतरी टाकली असतील!"

"मग सगळी नेतो!" माधवी म्हणाली. "थ्यांक्यू, काका!"

आणि सुरू झाली टायरांची शर्यत! काठीने टायर हाणत पोरं रस्त्याने पळतात, यात कुणाला काय नवल? सुयश पुढे, मागे माधवी, मागे ऋषिराज. टायर गेणबातात्यांच्या दारात नेऊन टाकायचं आणि धूम परत! वाटेत गावची पोरं भेटली. "काय रं, कुठनं मिळालं?" "गुऱ्हाळावर! कुणाचीच न्हाईत! या!" बघता बघता दहा-बारा पोरं गोळा झाली. कुणी जीपचं टायर दोघांत ढकलतंय, कुणी एकावेळी दोन हाकतंय, कुणी टायरसकट ओढ्यात! सुयश पळत होता, हसत होता, ओरडत होता. "ए, तिकडनं नको, हिकडनं ये!" पोरं त्याचं ऐकत होती! कन्हेरीला आल्यापासून तो इतका कधी ओरडला नव्हता.

सोनबा काहिलीजवळ उभा राहून आपलं जळण रस्त्याने गडगडत जाताना बघत होता. बोलायची सोय नव्हती. आता काहिलीचं असं असतं, की रस एकदा आटायला लागला की जाळ थांबवून चालत नाही. जाळ मंदावला की गूळ धरत नाही, सगळ्याचा चिकटा होतो.

"सोनबा, जाळ कमी झाला," रंगूबाई म्हणाल्या.

"व्हय व्हय."

"व्हय व्हय काय? जळण घाल!"

सोनबाने वरवरची चिपाडं आत लोटली. ती भुर्रकन जळून गेली. त्याने मागे जाऊन बघितलं. गंजीच्या जागी मोकळी जमीन.

"आरं, माझा वर्षाचा ऊस हाय त्यात!" रंगूबाई उभ्या राहिल्या. "तुझं जळण गेलं कुठं?"

शेवटचं टायर फाटकातून बाहेर पडत होतं. सोनबाचा धीर सुटला. तो धोतराचा सोगा आवरत रस्त्याने पळत सुटला.

"धरा! धरा त्या कार्ट्यांना! माझं जळण पळवलं! माझं जळण!"

तो ओरडत ओरडत थेट गेणबातात्यांच्या दारात पोहोचला. तिथे टायरांचा डोंगर झाला होता. डोंगराशेजारी तात्या खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्यामागे निम्मं गाव उभं होतं.

"तुझं काय पळवलं म्हणलास, सोनबा?" तात्यांनी शांतपणे विचारलं.

माधवीने तात्यांसमोर तारांची वेटोळी ठेवली, काळी बशी ठेवली आणि ठिपक्याठिपक्यांची एक कुरडई ठेवली. सुयशने सगळं सांगितलं. सांगताना तो अडखळला, पण कुणी मध्ये बोललं नाही.

"गुऱ्हाळाचा गूळ बाळंतिणीला देत्यात, सोनबा," तात्या म्हणाले. "तू त्याच्याखाली रबर जाळलंस. आन् वरनं माझ्या दारातनं लेकरं बिनरसाची परत धाडलीस! रंगूबाईचा गूळ आमच्या घरच्या चिपाडांवर उतरवून दे, तिचं नुकसान भर आन् आजच किल्ली ठेव."

"मेल्या!" साखरबाईकाकी कडाडल्या. "माझ्या कुरडया! आन् मी पोरीला बोल लावला!" त्यांनी माधवीला जवळ ओढलं. मग सुयशकडे वळल्या. "तू का रं कधी आला न्हाईस घरात? शेजारी ऱ्हातोस ना? चल, आधी काहीतरी खा."

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. पप्पा रातपाळीहून परतले होते. दारापुढची गर्दी, टायरांचा ढीग आणि मधोमध काजळीने माखलेला सुयश. त्यांनी गाडी उभी केली आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं,

"आता काय केलंस?"

सुयशचं सगळं हसू मावळलं.

"बसा, बुद्धघोषराव," तात्या म्हणाले. "तुमच्या पोरानं काय केलं ते मी सांगतो. आमी इतकी म्हातारी माणसं कारखान्याच्या नावानं बोटं मोडत बसलो. त्यानं बोटानं चोळून बघितलं! लई हुशार पोरगा हाय तुमचा." आणि त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं.

पप्पा ऐकत राहिले. मग त्यांनी सुयशचा काळा हात हातात घेतला आणि त्याला घरी आणलं. मागच्या पायरीवर बसवलं. बादली आणली आणि त्याचे हात धुवायला लागले. काजळी निघता निघेना.

"तू म्हणला व्हतास, मी न्हाय केलं," पप्पा म्हणाले. "मी ऐकलं न्हाय. लोकांनी टायरं बघितली तवा विश्वास ठेवला. मी तर तुझा बाप. मी आधीच ठेवायला पायजे व्हता. चुकलं माझं."

सुयशला वाटलं होतं, पप्पा असं म्हणाले की आपण खूश होऊ. पण त्याला रडूच आलं.

"गाडीचं काय न्हाय," तो हुंदके देत म्हणाला. "गाडी द्या पायजे तर. पण मग तुमी माझ्याशी बोलणारच न्हाय. आपण गाडीचंच बोलतो फक्त. मला हितं कुणीच न्हाय पप्पा, लई एकटं वाटतं."

पप्पांचे हात बादलीत तसेच राहिले. मग ते पुन्हा त्याचा हात चोळायला लागले, आधीपेक्षा हळू.

गुरुवारी भंगारवाला आला आणि चहा पिऊन रिकामाच गेला. बापलेकांनी दिवसभर ठिपके घासून काढले. पुढच्या गुरुवारी पहाटे पुन्हा पांढरा रंग मारला. माधवी, ऋषिराज आणि टायरवाली सगळी पोरं कठड्यावर रांगेत बसून पहारा देत होती. ऊन वर आलं. टपावर एक ठिपका नाही! बॉनेटवर एक ठिपका नाही! पोरांनी असा गलका केला की साखरबाईकाकींना त्यांना हाका मारून आत न्यावं लागलं.

अंगणात पप्पा आणि सुयश दोघेच उरले. रंग वाळायला दुपार होणार होती. करायला काही काम नव्हतं. सुयशला वाटलं, आता पप्पा आत जाऊन झोपतील.

पप्पांनी मांडवाच्या सावलीत बाज ओढली आणि त्याच्यासाठी जागा केली.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"काहीबी. कळसचं सांग. शाळेचं सांग. मी इतके दिस इचारलंच न्हाय तुला."

सुयशने पाय बाजेवर घेतले. मग तो शाळेतल्या पहिल्या दिवसापासून सांगायला लागला. अडखळत, मग भराभर, मग हातवारे करून. दुपार झाली, रंग वाळला, पण पप्पा बाजेवरून उठले नाहीत.